सक्ती कोणावर? नागरिकत्व आणि मानवी हक्कांचा शालेय संच, दोन वर्षं वापरल्यानंतर

मी गणित शिकवते, एकोणीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत सहावी ते आठवीला ‘नागरिकत्व आणि मानवी हक्क’ हा विषय सक्तीचा झाला. आठवड्याला २ तासिका. वेळापत्रकात माझ्या दोन तासिका मोकळ्या होत्या म्हणून तो माझ्याकडे आला, आणि विषयासोबत एक भलं मोठं खोकं आलं. हे परीक्षण त्या खोक्यातल्या संचाचं आहे. तो तयार करणाऱ्या संस्थेचं नाव लिहीत नाही. तुलनेसाठी मी आणखी दोन संच मागवून चाळले आणि पुढे सांगणार आहे ते दोष थोड्याफार फरकाने त्यांतही होते. ज्या शिक्षकांवर हा विषय असाच अचानक येईल आणि ज्या पालकांचं मूल तो शिकेल, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

खोक्यात निघालं ते असं : १४४ पानांची शिक्षक मार्गदर्शिका, ३० कार्यपुस्तिका, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातल्या ३० कलमांची ३० कार्डं, बालहक्कांची २० कार्डं, भूमिकांची २४ कार्डं, ६ भित्तिपत्रकं, एक प्रश्नसंच आणि शिक्षकांसाठी ३ तासांचे प्रशिक्षणाचे व्हिडिओ. कार्डांचा पुठ्ठा उत्तम आहे. दोन वर्षं मुलांच्या हातात राहूनही कोपरे गेलेले नाहीत. कार्यपुस्तिकेचा कागद मात्र इतका पातळ, की पेनाने लिहिलं की मागच्या पानावर उमटतं. भित्तिपत्रकांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ती भिंतीवर आहेत.

जाहीरनाम्याची ३० कार्डं ही या संचातली सर्वांत चांगली गोष्ट. पुढच्या बाजूला सोप्या भाषेत कलम आणि मागे त्याची थोडी हकीकत. पहिल्या आठवड्याचा खेळ असा : गटाला सांगायचं, तुमची बोट बुडते आहे, ओझं कमी करायला १० कार्डं पाण्यात टाका. (एका संचात कार्डांचा एकच जोड आहे आणि खेळ मात्र सहा गटांसाठी. बाकी पाच जोड मी प्रती काढून कापले. संस्थेने हे तरी बघायला हवं होतं.) माझ्या वर्गात बहुतेक गटांनी सगळ्यात आधी ६, १५ आणि २४ ही कलमं टाकली : कायद्यापुढे माणूस म्हणून ओळख, राष्ट्रीयत्व, विश्रांती आणि फुरसत. पहिली दोन कळली नाहीत म्हणून, तिसरं चैनीचं वाटलं म्हणून.

मार्गदर्शिका तिथेच थांबते. मी दुसऱ्या तासाला टाकलेली कार्डं गोळा केली आणि म्हटलं, आता या हक्काशिवायचा एक दिवस लिहा. १५ व्या कलमावर एका मुलाने लिहिलं, ‘माझा कुठलाच देश नसेल तर शाळेत नाव घालताना बाबा कागद कुठून आणतील?’ सहावीतल्या एका मुलीने २४ व्या कलमावर एकच ओळ लिहिली : ‘आमच्या घरात आईला २४ वं कलम नाही.’ तो कागद मी जपून ठेवला आहे. पुढच्या तासाला कोणत्याच गटाला एकही कार्ड टाकायचं नव्हतं आणि हे मी काहीच न सांगता झालं होतं.

पहिल्या कार्डाच्या मागे हंसा मेहतांची हकीकत आहे. जाहीरनाम्याच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल असे इंग्रजी शब्द होते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी असलेल्या हंसाबाईंनी आग्रह धरला आणि तिथे ‘सर्व माणसं’ असे शब्द आले. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये जाहीरनामा संमत झाला : बाजूने ४८ मतं, विरोधात एकही नाही, ८ देश तटस्थ. मतांचे आकडे मुलांनी एकदा वाचले आणि सोडून दिले. एका बाईने भर सभेत शब्द बदलायला लावला, हे मात्र त्यांना विसरता येईना. वर्षभर ती मुलं माझ्या गणितातल्या शाब्दिक उदाहरणांमध्ये ‘एक माणूस एक काम १२ दिवसांत करतो’ असं आलं की हात वर करायची. मी आता ‘एक व्यक्ती’ लिहिते.

भाषेवर मात्र मेहनत घेतलेली नाही. ‘हक्क’ आणि ‘अधिकार’ हे दोन्ही शब्द मिसळून वापरले आहेत, कधी कधी एकाच वाक्यात. मोठ्यांना फरक पडत नाही, मुलांना पडतो. ‘बाई, ज्याच्याकडे अधिकार तो अधिकारी ना? मग मानवाधिकार अधिकाऱ्याकडे असतात का?’ हा प्रश्न पहिल्याच महिन्यात आला. त्यानंतर मी फक्त ‘हक्क’ म्हणते. त्याहून मोठी अडचण ‘प्रतिष्ठा’ या शब्दाची. पहिल्या कलमात सर्व माणसं प्रतिष्ठेने समान आहेत असं छापलं आहे. बोलण्यात आपण प्रतिष्ठित कोणाला म्हणतो? ज्याचं समाजात वजन आहे, नाव आहे त्याला. मुलांनी तोच अर्थ घेतला. म्हणजे काही मिळवावं लागत नाही, जन्मालाच सोबत येतं असं जे सांगायचं, त्याच्या बरोबर उलट त्यांना ऐकू आलं. मी ‘माणूस म्हणून असलेला मान’ असं फळ्यावर लिहिलं आणि तेच वर्षभर चालवलं. संस्थेला मी हे कळवलं आहे. दुसऱ्या वर्षाच्या छपाईत बदल नव्हता.

आता चौथ्या प्रकरणाबद्दल. ते बदलेपर्यंत मी या संचाला पूर्ण गुण देणार नाही.

प्रकरणाचं नाव ‘कर्तव्य करा, हक्क मिळवा’. वर तराजूचं चित्र, एका पारड्यात हक्क, दुसऱ्यात कर्तव्य. खाली दोन रकान्यांचा तक्ता. शिक्षणाचा हक्क, समोर : गृहपाठ वेळेवर करणे. मत मांडण्याचा हक्क, समोर : मोठ्यांचा आदर करणे. मी तो जसाच्या तसा शिकवला. तास संपता संपता सातवीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘बाई, मी गृहपाठ केला नाही तर माझा शिक्षणाचा हक्क जातो का?’

त्याच सकाळी गणिताच्या तासाला गृहपाठ नव्हता म्हणून मी त्याला १५ मिनिटं वर्गाबाहेर उभं केलं होतं. तो मला बोलून दाखवत नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं, कारण पुस्तकातलं वाक्य आणि सकाळचा प्रसंग त्याच्या डोक्यात नीट जुळले होते. मी ‘नाही, जात नाही’ म्हटलं. ‘मग तक्त्यात असं का?’ या त्याच्या पुढच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री मी जाहीरनामा अथपासून इतिपर्यंत वाचला. कार्डं नव्हेत, मूळ मजकूर. २९ व्या कलमात कर्तव्यांचा उल्लेख आहे : ज्या समाजात माणसाची पूर्ण वाढ होऊ शकते, त्या समाजाप्रती त्याची कर्तव्यं असतात. हक्कांवर मर्यादा घालता येतात हेही तिथेच आहे, पण त्या कायद्याने घातलेल्या हव्यात आणि दुसऱ्यांचे हक्क, सार्वजनिक सुव्यवस्था अशा सांगितलेल्या कारणांसाठीच हव्यात. कर्तव्य चुकलं म्हणून माणूस हक्कांतून बाद होतो, असं तीसच्या तीस कलमांत कुठेही नाही. उलट ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे त्यालाही १० व्या कलमाने निष्पक्ष सुनावणी मिळते, ११ व्याने दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानलं जातं आणि ५ व्या कलमाने त्याचा छळ करता येत नाही. तराजूचं चित्र या सगळ्याशी विसंगत आहे. आणि हक्कासमोर कर्तव्य लिहायचंच असेल तर ते दुसऱ्या कोणाचं तरी असतं. मुलाला शिक्षणाचा हक्क आहे याचा अर्थ शाळा काढणं, शिक्षक देणं, मुलाला वर्गात बसू देणं हे कोणाचं तरी बंधन आहे. तो ‘कोणीतरी’ संचाच्या तक्त्यात कुठेच नाही. त्यातली सगळी ओझी मुलाच्याच पाठीवर आहेत.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना तो तक्ता खोडायला सांगितला. शेजारी नवे दोन रकाने आखले : ‘हक्क कोणाचा’ आणि ‘तो मिळतो की नाही हे बघायची जबाबदारी कोणाची’. दुसरा रकाना भरायला दोन तास गेले आणि ते वर्षातले सगळ्यात दाट तास होते. सरकार, मुख्याध्यापिका, बाई, आई-बाबा, रस्ता दुरुस्त करणारे, अशी नावं येत गेली. गृहपाठ करायचा, हे मुलांनी स्वतःहूनच एका कोपऱ्यात लिहून ठेवलं. त्यावर कोणी वाद घातला नाही.

या प्रकरणानंतर मी बालहक्कांची कार्डं संशयाने तपासली. बालहक्कांचा करार संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ ला स्वीकारला. त्यात ५४ कलमं आहेत. २० कार्डांसाठी निवड करावी लागणार हे मान्य, पण निवड कशी केली ते बघा. नाव, खेळ, आरोग्य, शिक्षण, कुटुंब ही कार्डं आहेत. १२ वं कलम आहे, पण त्याचा मजकूर असा : ‘मुलांनी आपलं मत नम्रपणे मांडावं.’ मूळ कलमाचं बंधन मोठ्यांवर आहे. मुलाशी संबंधित बाबींमध्ये त्याचं म्हणणं ऐकायचं आणि त्याचं वय आणि समज पाहून त्याला योग्य ते वजन द्यायचं. ‘नम्रपणे’ हा शब्द संचाने पदरचा घातला आणि मोठ्यांचं बंधन काढून टाकलं. २८ व्या कलमाचा दुसरा भाग, म्हणजे शाळेतली शिस्त मुलाच्या माणूस म्हणून असलेल्या मानाला धरून असली पाहिजे, तो गाळला आहे. ४२ वं कलम तर नाहीच. त्यात सरकारांनी या कराराची माहिती मुलांना आणि मोठ्यांनाही करून द्यायची आहे. मोठ्यांनाही. मी साध्या कागदावर ही तीन कार्डं स्वतः लिहिली आणि जोडात घातली.

इथे सक्तीबद्दल माझं मत सांगते, कारण पालकसभेत सर्वाधिक विचारलं गेलं ते हेच : हा विषय ऐच्छिक का नाही? माझं उत्तर ठाम आहे, सक्तीचाच हवा. ऐच्छिक ठेवला तर ज्या घरात या गोष्टी आधीच बोलल्या जातात त्याच घरातली मुलं तो घेतात. ज्या मुलाला मार खाणं हा जगाचा नियम वाटतो, ते मूल हा विषय निवडायला येणार नाही, कारण तो आपल्याबद्दल आहे हेच त्याला माहीत नसतं. जाहीरनाम्याच्या २६ व्या कलमातच शिक्षणाचा हेतू मानवी हक्कांबद्दलचा आदर दृढ करणं असा दिला आहे. मग तो वेळापत्रकात उरलेल्या जागेत कसा बसवता येईल? इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळांच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात नागरिकत्व हा विषय २००२ पासून सक्तीचा आहे. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क शिक्षणाचा जागतिक कार्यक्रम २००५ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याचा पहिला टप्पा प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसाठीच होता. सक्तीला माझा विरोध नाही. ती फक्त मुलांवर असण्याला आहे. हजेरी मुलांची, परीक्षा मुलांची, गुण मुलांचे. मोठ्यांच्या वाट्याला ३ तासांचे व्हिडिओ, त्यांतला जवळजवळ अर्धा वेळ गुण आणि हजेरी संकेतस्थळावर कशी भरायची यावर. मुख्याध्यापकांसाठी एक पान नाही. पालकांसाठी एक पत्रक आहे, त्यात मुलाला अभ्यासाला बसवा असं म्हटलं आहे.

भूमिकांचा खेळ जपून खेळा. प्रत्येक मुलाला एक कार्ड मिळतं : खाणीत काम करणाऱ्याची मुलगी, न्यायाधीशांचा मुलगा, चालता न येणारा विद्यार्थी, दुसऱ्या देशातून जीव वाचवून आलेलं कुटुंब. शिक्षक वाक्यं वाचतात, ‘मला आजारी पडल्यावर डॉक्टरकडे जाता येतं’, आणि ज्याला ते लागू होईल त्याने एक पाऊल पुढे यायचं. शेवटी काही मुलं भिंतीला टेकलेली आणि काही पार पुढे. खेळ फार प्रभावी आहे आणि धोका तिथेच आहे. पहिल्या वर्षी एका मुलीला मिळालेलं कार्ड जवळजवळ तिच्याच घराचं वर्णन होतं. ती शेवटपर्यंत मागच्या भिंतीशी उभी राहिली, सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं, आणि ती दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. मार्गदर्शिकेत सावधगिरीचा एक शब्द नाही, खेळानंतरच्या चर्चेला ५ मिनिटं दिली आहेत. आता मी कार्डं आधी वाचून वाटते, वर्गातल्या कोणाच्या घराशी जुळणारं कार्ड बाजूला ठेवते, कोणालाही कारण न देता खेळाबाहेर राहता येतं आणि खेळाइतकाच वेळ नंतर गोलात बसून बोलण्यासाठी ठेवते. भूमिकेतून बाहेर आल्याची खूण म्हणून प्रत्येक जण आपलं खरं नाव सांगतो आणि कार्ड परत देतो. त्या मुलीच्या घरी मी तेव्हाच जाऊन आले. तिच्या आईने मला आत बसवलं आणि शांतपणे विचारलं, ‘तुम्ही आधी वाचलं नव्हतं का?’ नव्हतं वाचलं.

मार्गदर्शिकेच्या ८८ व्या पानावर चौकटीत लिहिलं आहे : वादग्रस्त विषय टाळावेत. शिक्षकाला जपण्यासाठी हे लिहिलं असणार. ते मी समजू शकते, पण स्वीकारू शकत नाही. जर्मनीत १९७६ मध्ये बॉयटल्सबाख या गावी झालेल्या परिषदेतून राज्यशास्त्र शिकवण्याची तीन तत्त्वं पुढे आली. शिक्षकाने आपलं मत विद्यार्थ्यावर लादू नये. समाजात आणि अभ्यासकांत ज्यावर वाद आहे, ते वर्गातही वाद म्हणूनच मांडावं. आणि विद्यार्थ्याला परिस्थिती आणि त्यातलं स्वतःचं हित ओळखता यावं. वाद टाळून यांतलं दुसरं आणि तिसरं तत्त्व पाळताच येणार नाही. २००९ मध्ये ३८ देशांतल्या आठवीच्या विद्यार्थ्यांचा नागरी शिक्षणाबद्दल एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला. आपल्या वर्गात मोकळी चर्चा होते असं ज्या मुलांना वाटतं, त्यांचं नागरी ज्ञानही सर्वसाधारणपणे अधिक, असं त्यात दिसलं. एकामुळेच दुसरं होतं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण गप्प वर्गाच्या बाजूने बोलणारं तरी काही हाती लागत नाही.

प्रश्नसंच मी वापरणं सोडलं. ‘जाहीरनामा कधी संमत झाला’, ‘कलमं किती’, असे प्रश्न निदान निरुपद्रवी आहेत. प्रसंगावरचे प्रश्न जास्त त्रास देतात, कारण त्यांचं एकच उत्तर बरोबर धरलेलं असतं. एक उदाहरण : ‘तुमच्या वर्गात आलेल्या नव्या मुलाला तुमची भाषा येत नाही. तुम्ही काय कराल?’ उत्तरसूचीत ‘त्याला मदत करीन’ याला १ गुण. एका मुलाने लिहिलं होतं, ‘त्याला मदत हवी आहे का ते आधी खुणेने विचारीन.’ सूचीप्रमाणे ० गुण. मी १ दिला आणि संकेतस्थळाने तो स्वीकारला नाही. गणितात उत्तर एक असतं आणि रीती अनेक असतात, तिथेही मी रीतीला गुण देते.

शेवटी १३१ व्या पानाकडे येते. ‘अतिरिक्त उपक्रम, वेळ मिळाल्यास’ या मथळ्याखाली सहा ओळी आहेत. शाळेत बदलायला हवी अशी एक गोष्ट शोधा. ती बदलण्याचा निर्णय कोण घेतं ते शोधा. अर्ज लिहा : काय अडचण, कधीपासून, कोणाला, आमची मागणी काय, उत्तर कधीपर्यंत हवं. द्या. पोच घ्या. वाट बघा. पहिल्या वर्षी तिथवर पोचायला वेळच उरला नाही. दुसऱ्या वर्षी मी तिसऱ्या आठवड्यातच हे पान काढलं आणि बाकीचा अभ्यासक्रम त्याच्याभोवती बसवला.

आठवीच्या वर्गातून आठ अर्ज निघाले. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या एका दाराला कडी नव्हती. ग्रंथालयाचं कपाट कायम कुलपात. पाण्याचे नळ इतके उंच, की लहान मुलं एकमेकांना उचलून पाणी पाजतात. कडीचा अर्ज कोणाला द्यायचा हे शोधायला दोन तास लागले. शिपाईकाका म्हणाले, सामान आलं की बसवतो. कार्यालय म्हणालं, मागणी आली की सामान आणतो. मागणी कोणी करायची? संसदेची सभागृहं तोंडपाठ असलेल्या मुलांना हे माहीत नव्हतं आणि एकोणीस वर्षं त्याच इमारतीत असून मलाही नव्हतं. मागणीवर मुख्याध्यापिकांची सही लागते हे कळलं, अर्ज गेला आणि नवव्या दिवशी कडी बसली. ग्रंथालयाच्या अर्जाला नकार आला, पण लेखी आणि कारणासहित : पुस्तकं हरवतात. मुलांनी नोंदवहीचा प्रस्ताव दिला, दोन मुलांनी ती सांभाळायची जबाबदारी घेतली आणि आता कपाट आठवड्यातून दोन दिवस उघडतं. नकाराला उत्तर देता येतं, हे मला त्या कडीपेक्षा मोठं वाटलं.

आठवा अर्ज माझ्या नावाने होता. ‘गृहपाठ न केलेल्यांना वर्गाबाहेर उभं करू नये. बाहेर उभं राहिल्यावर त्या दिवसाचं गणितही जातं आणि दुसऱ्या दिवशीचा गृहपाठही येत नाही. बालहक्क करार, कलम २८.’ पाच सह्या. दुसरी सही मागच्या वर्षीच्या त्या मुलाची. कलम त्यांनी मी हाताने लिहिलेल्या कार्डावरून घेतलं होतं.

मार्गदर्शिका उघडून पाहिली. अर्ज शिक्षकाच्याच नावाने आला तर त्याने काय करायचं, याबद्दल एक ओळ नाही. मला आधी राग आला, हे खरं आहे. मग मी त्यांचं म्हणणं गणित म्हणून तपासलं आणि ते बरोबर निघालं : ज्याला सगळ्यात कमी येत होतं त्याचेच तास मी सगळ्यात जास्त बुडवत होते. चौथ्या दिवशी मी लेखी उत्तर दिलं. बाहेर उभं करणं आजपासून बंद, गृहपाठ राहिलेल्यांनी मधल्या सुट्टीआधीच्या १० मिनिटांत माझ्यासमोर बसून पहिली दोन उदाहरणं सोडवायची, सत्र संपल्यावर मी आणि अर्ज करणाऱ्या मुलांनी मिळून याचा आढावा घ्यायचा. आढावा झाला. गृहपाठ न करणाऱ्यांची संख्या फारशी घटलेली नाही. पण एकाचाही तास बुडालेला नाही आणि त्या दहा मिनिटांत कोणाचं कुठे अडतं ते मला आता दिसतं.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांच्या शिक्षणाबद्दल १९ डिसेंबर २०११ ला एक स्वतंत्र जाहीरनामा स्वीकारला. त्यात या शिक्षणाचे तीन पदर सांगितले आहेत : हक्कांविषयी शिकणं, हक्क पाळले जातील अशा रीतीने शिकणं, आणि हक्क वापरता यावेत, दुसऱ्यांचे जपता यावेत यासाठी शिकणं. या संचात पहिला पदर भरपूर आहे. तिसरा १३१ व्या पानावर लपला आहे. दुसरा शिक्षकावर आणि शाळेवर अवलंबून आहे आणि नेमकं त्यांच्यासाठी खोक्यात काही नाही.

संच घ्यावा का? विषय सक्तीचा झालाच असेल आणि हाताशी काहीच नसेल तर घ्या. माझ्याकडून ५ पैकी ३, ते कार्डांसाठी आणि त्या सहा ओळींसाठी. चौथं प्रकरण वगळा. १२, २८ आणि ४२ ही कार्डं मूळ मजकूर वाचून स्वतः लिहा. भूमिकांची कार्डं आधी वाचा. १३१ वं पान पहिल्या महिन्यात काढा आणि त्याआधी मुख्याध्यापकांकडून एवढं कबूल करून घ्या, की प्रत्येक अर्जाला १५ दिवसांत लेखी उत्तर मिळेल, होकार असो वा नकार. आमच्या मुख्याध्यापिकांनी ते कबूल केलं नसतं तर हा उपक्रम मी केला नसता. उत्तरच न येणारे अर्ज लिहायला लावून मुलांना उलटाच धडा मिळाला असता.

नळांचा अर्ज शाळेबाहेरच्या कार्यालयात गेला आहे. तिथून अजून उत्तर नाही. मुलांनी दुसरं स्मरणपत्र सोमवारी नेऊन दिलं. पहिल्या वेळी पोच घ्यायची राहिली होती. या वेळी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊन आली आहेत.